गाणे हाच पुरावा : ‘जय भीम कॉम्रेड’च्या निमित्ताने

मराठीत या चित्रप्रकाराला दोन नावे आहेत. आधीच्या पिढीने ‘अनुबोधपट’ हा शब्द वापरला. पुढे ‘माहितीपट’ रूढ झाला आणि आता तोच सर्रास चालतो. मला पहिला शब्द अधिक नेमका वाटतो. माहिती वर्तमानपत्रातूनही मिळते, विश्वकोशातूनही मिळते. पडद्यावर खरीखुरी माणसे बोलताना, गाताना, मध्येच गप्प होताना पाहिली म्हणजे मागाहून जे हळूहळू उमजत जाते, ते ‘बोध’ या शब्दात थोडेफार तरी सापडते.

पण शब्द कोणताही घेतला तरी आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात उभे राहते ते चित्र वेगळेच असते. मुख्य चित्रपटापूर्वी सक्तीने दाखवले जाणारे फिल्म्स डिव्हिजनचे वार्तापट, त्यातली धरणे, पूरग्रस्त, पुढाऱ्यांच्या गळ्यातले हार, आणि या सर्वांवर पसरलेला एक घनगंभीर आवाज. तो आवाज संपेपर्यंत बाहेरून शेंगदाणे घेऊन यावेत, असा जणू रिवाजच होता. १९४८ साली स्थापन झालेली ही संस्था २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली. तिच्याच छत्राखाली एस. एन. एस. शास्त्री यांच्यासारख्या दिग्दर्शकाने स्वातंत्र्याच्या वर्षी जन्मलेल्या तरुणतरुणींना बोलते करून ‘आय ॲम ट्वेंटी’ (१९६७) हा आजही ताजा वाटणारा लघुपट केला, हे त्या शेंगदाण्यांच्या नादात आपल्या नजरेतून निसटले. तसे पाहिले तर भारतातला चित्रपट जन्मला तोच मुळी अनुबोधपट म्हणून, आणि तोही एका मराठी माणसाच्या हातून. सावे दादा ऊर्फ हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांनी १८९९ साली मुंबईत एका कुस्तीचे चित्रण केले आणि १९०१ मध्ये केंब्रिजहून परतणाऱ्या रँग्लर परांजप्यांचे स्वागत टिपले. कथापटाला त्यानंतर दशकभर वाट पाहावी लागली.

त्या घनगंभीर आवाजाला ज्यांनी निर्धाराने रजा दिली, त्यांच्यात आनंद पटवर्धन (जन्म १९५०) यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. ‘राम के नाम’ (१९९२), ‘पितृ, पुत्र और धर्मयुद्ध’ (१९९५), ‘जंग और अमन’ (२००२) या त्यांच्या चित्रपटांवर वाद झाले, परिनिरीक्षण मंडळाशी झगडे झाले, न्यायालयाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. या वादांविषयी इतके लिहिले गेले आहे की त्यात चित्रपट पाहायचे राहून गेले. त्यांच्या राजकीय मतांशी सहमत नसलेले वाचक आपल्या मंडळात आहेत, हे मी गृहीत धरतो. येथे मला बोलायचे आहे ते त्यांच्या एका दीर्घ मराठी चित्रपटाविषयी, म्हणजे ‘जय भीम कॉम्रेड’ (२०११) विषयी. त्याला ‘मराठी’ म्हणण्याचे कारण, त्याचा प्राण मराठी शाहिरीत आहे.

त्याची पाळेमुळे मात्र आधीच्या एका चित्रपटात आहेत. ‘बॉम्बे : हमारा शहर’ (१९८५) हा पदपथावरच्या आणि झोपडपट्टीतल्या माणसांच्या झोपड्या पाडल्या जाण्याविषयीचा चित्रपट. त्यात एक प्रसंग असा आहे की तो पाहिल्यावर अनुबोधपटाविषयीची कोणतीही चर्चा पूर्वीसारखी सोपी राहत नाही. झोपडी मोडली गेलेली एक बाई कॅमेऱ्यामागच्या माणसांवरच उसळते. आमची चित्रे काढून तुमचे भले होईल, आमच्या पदरात काय पडणार, असा तिचा रोख आहे. दिग्दर्शकाला हा तुकडा सहज कापून टाकता आला असता. त्याने तो ठेवला, आणि उत्तरही दिले नाही. याच चित्रपटात एक शाहीर गातो. त्याचे नाव विलास घोगरे.

११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला आढळला. संतापलेली वस्ती रस्त्यावर उतरली. राज्य राखीव पोलिसांनी गोळीबार केला आणि दहा माणसे मारली गेली. त्यानंतर चारच दिवसांनी विलास घोगरे यांनी आपल्या झोपडीत गळफास लावून घेतला. आयुष्याचा मोठा काळ डाव्या सांस्कृतिक चळवळीत लाल झेंड्याखाली गायलेल्या या कवीने शेवटच्या क्षणी कपाळाला निळी पट्टी बांधली होती. चित्रपटाच्या नावातले दोन शब्द या लाल आणि निळ्या रंगांचे आहेत, आणि त्या दोहोंमधली मोकळी जागा हाच त्याचा खरा विषय आहे.

पटवर्धनांनी या घटनेनंतर चित्रण सुरू केले आणि ते चौदा वर्षे चालवले. हा आकडा चिकाटीच्या कौतुकासाठी सांगत नाही. काळ हाच या चित्रपटात साक्षीदार म्हणून उभा राहतो, म्हणून सांगतो. एखाद्या वर्षात उरकलेला चित्रपट गोळीबाराचा निषेध करून थांबला असता. येथे आपण माणसे बदलताना पाहतो. काल ज्या पक्षाला शिव्या दिल्या त्याच्या व्यासपीठावर आज नेते हार स्वीकारतात. निळ्या आणि भगव्या झेंड्यांची युती होते. वस्तीतली मुले मोठी होतात. भाई संगारे यांच्यासारखा दलित पँथरचा आवाज बोलता बोलता हरपतो. चौकशी आयोगाने गोळीबार असमर्थनीय ठरवला, २००९ मध्ये सत्र न्यायालयाने संबंधित पोलीस अधिकाऱ्याला जन्मठेप सुनावली, आणि पुढे उच्च न्यायालयातून त्याला जामीन मिळाला. बातमीत या तीन वेगवेगळ्या दिवसांच्या तीन ओळी होतात. चित्रपटात त्यांच्यामधली वर्षे दिसतात. ज्यांच्या घरचे माणूस गेले, त्यांचे त्या वर्षांतले चेहरे दिसतात.

जमाव टँकर पेटवून देण्याच्या बेतात होता, असा पोलिसांचा बचाव होता. त्यासाठी पुढे केलेले चित्रण आणि गोळीबार झाला ती जागा यांचा मेळ कसा बसत नाही, हे पटवर्धन शांतपणे, वकिली आवेश न आणता दाखवतात. पण चित्रपटाचा मुख्य पुरावा हा नव्हे. मुख्य पुरावा आहे गाण्यांचा.

हे थोडे उलगडून सांगितले पाहिजे. आपल्याकडे चित्रपटातले गाणे म्हणजे विसावा अशी सवय झाली आहे. अनुबोधपटात तर ते पार्श्वभूमीला पडून असते. येथे घोगरे गातात, संभाजी भगत गातात, वस्तीतल्या बाया गातात, आणि प्रत्येक वेळी गाण्यात एक विचार पुढे सरकतो. या गायनाला मोठी परंपरा आहे. तमाशाचा बाज घेऊन त्यातल्या गणगौळणीला नवा अर्थ देणारे सत्यशोधक जलसे, त्यांच्या पाठोपाठ भीमराव कर्डक प्रभृतींचे आंबेडकरी जलसे, मग अण्णाभाऊ साठे आणि अमर शेख यांची कामगार शाहिरी, वामनदादा कर्डकांची खेडोपाडी पोचलेली गीते. या परंपरेत गायकाचे काम रंजनापाशी थांबत नाही. तो सभेला प्रश्न घालतो, सभा ध्रुपद धरून उत्तर देते, मध्येच एखादी कोटी येते, हशा पिकतो, आणि हशा ओसरतो न ओसरतो तोच घाव बसतो. ही रचना कागदावर उतरत नाही. शब्द छापता येतात. पण ध्रुपद कोणी उचलले, कोणत्या ओळीला टाळी पडली, कोणत्या ओळीला म्हातारीने मान खाली घातली, हे छापता येत नाही. कॅमेरा नेमके ते टिपतो. मराठी शाहिरीचा अभ्यास करणाऱ्याने या चित्रपटाकडे दस्तऐवज म्हणून पाहिले पाहिजे, असे मी म्हणतो ते याच अर्थाने.

आणि येथे विषय आपल्या अंगणात येतो. बृहन्महाराष्ट्रातली आपली मराठी आपण जपली, याचा आपल्याला रास्त अभिमान आहे. ग्रंथालये उभारली, गणेशोत्सवात व्याख्यानमाला चालवल्या, नाट्यपदे आणि कीर्तने टिकवली. शिंदे, होळकर, गायकवाड यांच्याबरोबर आपले पूर्वज आले, असे आपण सुवर्णमहोत्सवी आणि शताब्दी स्मरणिकांतून लिहितो. सरदार, कारभारी, फडणीस, शास्त्री यांच्या याद्या देतो. त्या फौजांबरोबर झाडूवाले आले, चामड्याचे काम करणारे आले, मोतद्दार आले. पुढे इंग्रजी छावण्यांत महार पलटणीचे शिपाई आले. इंदुरापासून हाकेच्या अंतरावरच्या महूत १८९१ साली बाबासाहेबांचा जन्म झाला, तो त्यांचे वडील तेथे लष्करात नोकरीला होते म्हणून. बडोद्यात सयाजीराव महाराजांनी त्यांना शिष्यवृत्ती दिली, हे आपण भाषणात हमखास सांगतो. १९१७ मध्ये त्याच शहरात नोकरीला आलेल्या त्या पदवीधराला राहायला जागा मिळाली नाही आणि शहर सोडावे लागले, हे सांगताना आपला आवाज खाली जातो. या लोकांच्या घरांतही मराठी टिकली. ती कोणत्या गाण्यांत टिकली, हे आपल्या स्मरणिकांना ठाऊक नाही. ‘जय भीम कॉम्रेड’ मधली मराठी ऐकताना आपल्यातल्या काहींना प्रथम ती अनोळखी वाटेल, उच्चार खटकतील. चित्रपट तीन तासांहून लांब आहे. पहिल्या तासाभरात कान सरावतो.

चित्रपटात उणिवा आहेत. सुखवस्तू माणसांना रस्त्यात गाठून विचारलेले प्रश्न आणि त्यांची बेफिकीर उत्तरे यांतून हशा मिळतो, पण तो फार स्वस्तात मिळतो. ज्याला विचार करायला अवधीच दिला नाही, त्याच्या उथळपणाचे खापर अंशतः विचारणाऱ्याच्या माथी येते. कार्यकर्त्यांना चौदा वर्षे देणारा दिग्दर्शक या माणसांना चौदा क्षणही देत नाही. दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. घोगरे ज्या डाव्या मंचाचे शाहीर होते त्या मंचापासून ते दुरावले होते. वर्ग आधी की जात आधी, हा महाराष्ट्राच्या पुरोगामी चळवळीतला जुना तंटा त्यांच्या एका माणसाच्या आयुष्यातून धावत होता. चित्रपट या जखमेपर्यंत जातो, पण तिच्यावर बोट ठेवताना त्याचा हात किंचित कचरतो. धर्मांधांना प्रश्न विचारताना पटवर्धनांच्या स्वरात जी धार असते, ती स्वतःच्या निकटच्या मंडळींना विचारताना बोथट होते. कपाळावरच्या त्या निळ्या पट्टीचा अर्थ काय, याचे उत्तर प्रेक्षकाला बरेचसे स्वतःच शोधावे लागते. मला ते उत्तर दिग्दर्शकाकडून हवे होते असे नाही. प्रश्न मात्र अधिक कठोरपणे मांडलेला हवा होता.

शेवटाकडे पुण्याचे ‘कबीर कला मंच’ येते. २००२ च्या गुजरातमधील दंगलींनंतर जमलेला हा तरुणांचा संच. शीतल साठे यांचा आवाज एकदा ऐकला की विसरणे कठीण. घोगऱ्यांबरोबर संपली असे वाटणारी परंपरा येथे अंकुर धरताना दिसते. या टप्प्यावर दिग्दर्शक भारावून गेल्यासारखा वाटतो, आणि त्याला दोष द्यावासा वाटत नाही, कारण लगेच काळ आपला हिशेब मांडतो. नक्षलवादी असल्याचा ठपका येतो आणि हे तरुण भूमिगत होतात. चित्रपट तेथे थांबतो. पुढचे आपल्याला ठाऊक आहे. शीतल साठे आणि सचिन माळी २०१३ साली मुंबईत पोलिसांच्या स्वाधीन झाले. साठे यांना त्याच वर्षी जामीन मिळाला. माळी आणि त्यांच्या दोन साथीदारांना त्यासाठी २०१७ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले.

पटवर्धनांवर एक आक्षेप वारंवार घेतला जातो. उच्चवर्णीय, सुशिक्षित घरातला हा माणूस दलितांविषयी कोणत्या अधिकाराने बोलतो? १९८५ च्या त्या बाईचा प्रश्नही जवळपास हाच होता. त्याला उशिरा का होईना, तिरकस पद्धतीने मिळालेले उत्तर म्हणून मी २०२३ चा ‘वसुधैव कुटुंबकम्’ पाहतो. त्यात पटवर्धनांनी कॅमेरा स्वतःच्या घराकडे वळवला आहे : वृद्ध आईवडील, कुंभारकाम करणारी आई, स्वातंत्र्यलढ्यातले रावसाहेब आणि अच्युतराव हे काका. वडिलांचे नाव वासुदेव, म्हणून शीर्षकात हलकासा श्लेषही आहे. अहमदनगरच्या ज्या सुस्थित, सुसंस्कृत मराठी घराची ही कथा आहे, ते घर आपल्या ओळखीचे आहे; आपल्यापैकी अनेकांच्या घरांसारखे आहे. त्या घरातली माणसे प्रेमाने आणि थट्टेने टिपणारा हाच हात पूर्वी रमाबाई नगरात चौदा वर्षे चित्रण करत होता, हे लक्षात ठेवून दोन्ही चित्रपट लागोपाठ पाहावेत. क्रम उलटा ठेवला तरी चालेल, किंबहुना आपल्या सभासदांसाठी तोच बरा.

‘जय भीम कॉम्रेड’ २०१२ च्या जानेवारीत भायखळ्याच्या बी. आय. टी. चाळीत, मोकळ्या हवेत, ज्यांच्याविषयी तो आहे त्यांच्यासमोर दाखवला गेला होता. आपल्या मंडळाने तो दाखवायचा ठरवल्यास दोन संध्याकाळी विभागून दाखवावा. एका बैठकीत तो ज्येष्ठांना झेपणार नाही. प्रमुख पाहुणे नकोत. आणि गावातल्या आंबेडकरी वस्तीतल्या मराठी मंडळींना निमंत्रण जावे. त्यांच्यातल्या कोणाला त्यातली गाणी पाठ असतील, आणि ध्रुपद धरायला समोर कोणीतरी हवे.