उमप, विठ्ठल
(१५ जुलै १९३१–२६ नोव्हेंबर २०१०). मराठी लोकशाहीर, गायक व चित्रपट अभिनेते. आंबेडकरी चळवळीतील गीतांनी त्यांची शाहिरी घडविली. माहूर (जि. नांदेड), तुळजापूर येथील देवींचा जागर मांडणाऱ्या गोंधळ्यांचे जांभूळ आख्यान त्यांनी रंगमंचावर आणले. पाच पती असताना मनात कर्ण आला, ही द्रौपदीची कबुली त्याचा गाभा होय. ती द्रौपदी उमप स्वतः उभी करीत. खड्या पुरुषी आवाजातून तिची शरम प्रकट होई आणि थट्टेला सरावलेला प्रेक्षक गंभीर होई. टिंग्या (२००८) या चित्रपटातही त्यांनी अभिनय केला. पण निवेदक, गायक व पात्र यांतून क्षणात ये-जा करणाऱ्या या कलावंताला चित्रपटात एकाच पात्रापुरते उरावे लागले. त्यांचे सामर्थ्य आख्यानातच पुरतेपणी दिसते.