ताजमहालाच्या बागेचा पाठ

जुना ग्रंथ हातीं आला म्हणजे त्याचा कर्ता कोण, काळ कोणता, आणि मागाहून घुसडलेला भाग किती, हे प्रश्न आपण प्रथम विचारतों. बागेविषयीं मात्र ते सहसा कोणी विचारीत नाहीं. फुलें पाहिलीं, हिरवळीवर घटकाभर टेकलों, कीं बाग पाहून झाली! आमच्या मतें बाग हाही एक ग्रंथच होय, आणि पाठशुद्धीवांचून त्यावर दिलेला अभिप्राय फसवा ठरतो. आग्र्याच्या ताजमहालाची बाग हें याचें ठळक उदाहरण आहे.

मुमताजमहल १६३१ सालीं निवर्तली व पुढील वर्षीं शहाजहाननें या कबरीचें काम आरंभिलें. तिची बाग इराणी परंपरेंतील चारबाग आहे: सुमारें ३०० मीटर लांबीरुंदीचा चौक, कालव्यांनीं केलेले त्याचे चार भाग, आणि मध्यें संगमरवरी हौद. कुराणांत वर्णिलेल्या पाणी, दूध, मद्य व मध यांच्या नद्यांची छाया या प्रवाहांवर पडली आहे, असें मानतात.

दिल्लीस हुमायूनची कबर अशाच बागेच्या मध्यभागीं आहे. ताजमहाल मात्र उत्तर टोकास यमुनेकांठीं आहे. ही रचनेंतील विसंगति काय? उत्तर नदीपलीकडे मिळतें. तेथील महताब बागेंत गेल्या शतकाच्या अखेरीस झालेल्या उत्खननांत मोठा अष्टकोनी हौद सांपडला. ताजमहालाचें प्रतिबिंब पडावें अशीच त्याची जागा आहे. दोन्ही बागा एकत्र धरल्या म्हणजे कबर पुन्हा मध्यावर येते, आणि यमुना हाच बागेचा एक प्रवाह ठरतो. पलीकडे काळा ताजमहाल व्हावयाचा होता, या दंतकथेस मात्र तेथें कांहीं आधार मिळाला नाहीं.

पाण्याची योजनाही अशीच विचारपूर्वक होती. बैलांच्या मोटांनीं नदीचें पाणी उंच चढवून टाक्यांत सांठवीत व पुरलेल्या नळांनीं बागेंत नेत. कारंज्यांखालीं तांब्याचीं भांडीं बसविलेलीं असल्यानें सर्व कारंजीं सारख्या जोरानें उडत.

आतां प्रक्षिप्त भाग. मोगल बागेंत सुरू, फळझाडें व फुलझाडें यांस मानाचें स्थान असे. एकोणिसाव्या शतकांतील छायाचित्रांतही ताजमहालापुढें दाट झाडी दिसते. आजची मोकळी हिरवळ ही लॉर्ड कर्झन यांच्या कारकीर्दींत (१८९९ ते १९०५) झालेल्या दुरुस्तीची देणगी आहे. त्यांनीं या वास्तूची निगा आस्थेनें राखविली, हें खरें; पण बागेवर उमटली ती इंग्रजी उद्यानाची रुचि. सांवली, गंध व फळें ही उन्हाच्या प्रदेशांतील बागेची मूळ भाषा. ती येथें लोपली. म्हणून कोणी या मोकळेपणाबद्दल शहाजहानची स्तुति करतो, कोणी रुक्षपणाबद्दल त्यास नांवें ठेवतो, तेव्हां स्तुति व निंदा दोन्ही भलत्याच्याच पदरीं पडतात.

हिरवळ उपटून टाकावी, असें आम्ही म्हणत नाहीं. तिला शंभरांहून अधिक वर्षें झालीं. तीही आतां इतिहासच. परंतु एकाच्या काव्यांत शिरलेले दुसऱ्याचे श्लोक त्याच्याच नांवावर खपवूं नयेत, एवढी सचोटी आपण ग्रंथांविषयीं पाळतों. बागांविषयीं ती कां पाळूं नये?