‘शेजारी’ व ‘पडोसी’: एका बोलपटाचे दोन पाठ

किहीम येथें आमच्या ओटीवर आम्हीं हे दोन्ही बोलपट लागोपाठ पाहिले. दोन्ही प्रभातचे, १९४१ चे, शांतारामांनींच दिग्दर्शिलेले. संग्राहकांच्या टिपणांत मात्र ‘पडोसी’ म्हणजे ‘शेजारी’चें हिंदी भाषांतर, अशी एका ओळींत बोळवण असते. आम्हीहि पूर्वीं तसेंच लिहीत असूं. तें चूक होय.

मिर्झा दोहोंतहि गजानन जागीरदार. परंतु त्याचा हिंदु शेजारी मराठींत केशवराव दाते, तर हिंदींत मझहर खान. म्हणजे ‘पडोसी’त हिंदु नट मुसलमान झाला व मुसलमान नट हिंदु! कथाच मुळीं दोन धर्मांच्या शेजाराची. तेथें ही अदलाबदल अर्थांतच भर घालते. मराठी पाठांत ती अर्धीच आहे. दात्यांचा संयत अभिनय आम्हांस अधिक रुचला, हें सांगितलेंच पाहिजे. संगीत दोहोंस मास्तर कृष्णरावांचें. पण वृत्त एक म्हणून श्लोक एक होत नाहीं.

ही रीत युरोपांतहि होती. ज्या संगीत नाटकावरून पु. ल. देशपांडे यांनीं ‘तीन पैशाचा तमाशा’ रचला, त्याचा बोलपट पाब्स्ट यांनीं १९३१ त जर्मन व फ्रेंच अशा दोन भाषांत, निराळे नट घेऊन काढला. ध्वनि मागाहून बदलण्याची कला तेव्हां बाल्यावस्थेंत होती.

महाभारताच्या उत्तर व दक्षिण शाखांचे पाठभेद जपणाऱ्या आपण मंडळींनीं बोलपटाच्या प्रतींची नोंदहि भाषावार, नटनामांसह, स्वतंत्र करावी. एक प्रत हातीं आली म्हणून दुसरीचा शोध थांबवूं नये.