कॉफीगृहाची भिंत आणि स्वयंसेवेचे तत्त्व

चित्राचे मूल्य चित्रातच असते, ते कोणत्या भिंतीवर टांगले आहे यावर अवलंबून नसते, असे सौंदर्यशास्त्रात सामान्यतः गृहीत धरलेले असते. तत्त्व म्हणून हे मान्य करावयास हरकत नाही. तथापि चित्र पाहिले जाते ते कोणत्या तरी भिंतीवरच, आणि त्या भिंतीचा मालक, तेथे येणारा माणूस व चित्र तेथे आणून लावणारा चित्रकार या तिघांचे परस्परसंबंध चित्र पाहण्याच्या क्रियेला निश्चित आकार देतात. या दृष्टीने वस्तीतील स्वयंसेवेचे कॉफीगृह, जे त्याच वेळी चित्रशाळाही असते, हा विचार करण्याजोगा नमुना आहे. ग्राहकाने काउंटरवर पैसे भरावे, आपला पेला आपण उचलावा, जागा शोधून बसावे. सभोवतालच्या भिंतींवर एखाद्या स्थानिक चित्रकाराची चित्रे, शेजारी नाव व किंमत लिहिलेली चिठ्ठी. काही आठवड्यांनी ती चित्रे जाऊन दुसरी यावी. आज जगातील अनेक शहरांत अशी स्थळे आढळतात.

त्यांच्याविषयी दोन मते ऐकू येतात. कला लोकांच्या दारी आली, असे एक मत. कला भिंतीची शोभा होऊन बसली, असे दुसरे. दोन्ही मतांचे लक्ष भिंतीवर खिळलेले आहे. या स्थळाचे खरे वैशिष्ट्य असलेल्या स्वयंसेवेच्या तत्त्वाकडे मात्र दोन्ही पक्षांचे दुर्लक्ष झाले आहे. ते तत्त्व तपासले म्हणजे या स्थळाचा गुण कोठे आहे व दोष कोठे आहे हे वेगवेगळे दाखविता येते.

स्वयंसेवा म्हणजे केवळ वाढप्याचा अभाव नव्हे. तो एक विनिमय आहे. वाढप्याचे काम ग्राहक आपल्या अंगावर घेतो आणि त्याच्या मोबदल्यात त्याला काही मिळते. बर्लिनमध्ये १८९५ मध्ये व फिलाडेल्फियात १९०२ मध्ये जी यांत्रिक उपाहारगृहे निघाली, त्यांत नाणे टाकून काचेचे लहानसे दार उघडावयाचे व आतील पदार्थ स्वतः घ्यावयाचा, अशी व्यवस्था होती. मुंबई-पुण्याच्या उडुपी उपाहारगृहांतील ‘सेल्फ सर्व्हिस’च्या पाटीमागेही हाच हिशेब आहे : कूपन घेऊन खिडकीपाशी उभे राहण्याचे श्रम ग्राहकाचे, दरातील सवलत त्याची. परंतु सवलत हा एकच लाभ नव्हे. वाढप्याबरोबर त्याची नजरही जाते. ‘आणखी काही हवे का?’ या प्रश्नातील सूचना जाते. न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेज भागातील वॉल्डॉर्फ कॅफेटेरिया या स्वयंसेवेच्या उपाहारगृहात १९४० नंतरच्या दशकात अमूर्त चित्रकलेचे पुढे प्रसिद्ध झालेले अनेक चित्रकार एका पेल्यावर तासन् तास बसत, याचे कारण हेच होय. तेथील व्यवस्थापनाला ही मंडळी फारशी प्रिय नव्हती आणि १९४९ मध्ये त्यांनी जवळच स्वतःचे मंडळ काढले, ही गोष्ट वेगळी.

हा विनिमय चित्र पाहणाऱ्याला लावून पाहिला असता तो लाभाचाच ठरतो. चित्रशाळेत प्रवेश करणारा मनुष्य ‘आपण चित्रे पाहावयास आलो आहोत’ या जाणिवेने आत येतो. त्याने काहीतरी समजून घ्यावे, निदान समजल्यासारखे दिसावे, अशी अपेक्षा त्या शांत दालनातच असते. तो एका चित्रासमोरून दुसऱ्यासमोर सरकत जातो आणि प्रत्येक चित्राच्या वाट्याला काही क्षण येतात. कॉफीगृहात बसलेल्या माणसासमोर एकच चित्र अर्धा तास असते. तो त्याकडे पाहतो, वर्तमानपत्र वाचतो, पुन्हा पाहतो. आठवड्यातून तीनदा आला तर तीनदा पाहतो. त्याला कोणी प्रस्तावना दिलेली नसते आणि मत विचारलेले नसते. पेल्याप्रमाणेच चित्रही त्याने स्वतः उचलावयाचे असते. रसिकतेच्या शिक्षणाला ही स्थिती प्रतिकूल नाही.

यावर एक तात्त्विक आक्षेप येईल. कांट याने १७९० च्या आपल्या ग्रंथात सुखद व सुंदर यांत भेद केला. मद्याची रुची ज्याची त्याला सुखद वाटते. सुंदराविषयीचा निर्णय मात्र हेतुनिरपेक्ष असतो व सर्वांच्या संमतीची अपेक्षा बाळगतो. मद्याच्या जागी कॉफी ठेवली की आक्षेप स्पष्ट होतो : सुखदाच्या सेवनात गुंतलेल्या माणसाकडून सुंदराचा निरपेक्ष आस्वाद कसा घडावा? याचे उत्तर शोधताना रा. भा. पाटणकर यांच्या ‘सौंदर्यमीमांसा’ (१९७४) या ग्रंथाची मदत होते. कलाविचाराला लौकिकतावादी व अलौकिकतावादी असे दोन ध्रुव आहेत आणि त्यांपैकी एकाचा उच्छेद करून दुसऱ्यावर संपूर्ण कलाव्यवहार उभा करता येत नाही, ही त्यांची भूमिका मराठी अभ्यासकांच्या परिचयाची आहे. कॉफीगृहातील प्रेक्षक या दोन ध्रुवांमध्ये ये-जा करीत असतो. पेला खाली ठेवून तो ज्या क्षणी चित्राकडे वळतो, त्या क्षणी त्याची वृत्ती निरपेक्ष होऊ शकते, आणि दुसऱ्या क्षणी तो पुन्हा व्यवहारात येतो. चित्रशाळा पहिल्या ध्रुवाची तटबंदी करते. कॉफीगृह ती करीत नाही. तटबंदी नसणे म्हणजे अनुभव नसणे असे होत नाही.

येथवर प्रेक्षकाची बाजू झाली. चित्रकाराची बाजू पाहू लागताच चित्र पालटते, आणि त्यासाठी थोडा इतिहास पाहणे आवश्यक आहे.

पॅरिसमधील तांबुरीन या कॅफेत १८८७ मध्ये व्हिन्सेंट व्हॅन गॉग याने आपल्या संग्रहातील जपानी मुद्राचित्रे मांडली. त्याची स्वतःची चित्रेही तेथे होती. कॅफेची चालिका आगोस्तीना सेगातोरी हिचे त्याने काढलेले व्यक्तिचित्र प्रसिद्धच आहे. त्याच वर्षी कॅफेचे दिवाळे निघाले आणि आपली चित्रे परत मिळविणे व्हॅन गॉगला जड गेले. वर्ष संपण्यापूर्वी त्याने बेर्नार, आंकेतँ, तुलूझ-लोत्रेक इत्यादी मित्रांसह क्लिशी मार्गावरील शाले या स्वस्त भोजनगृहात पुन्हा प्रदर्शन भरविले. तेथे बेर्नार व आंकेतँ यांची चित्रे विकली गेली. एकाच वर्षातील या दोन घटनांत कॅफेच्या भिंतीचा लाभ व तिचा धोका दोन्ही दिसतात : भिंत सहज मिळते, आणि जी सहज मिळते तिच्यावरील मालाची जबाबदारी कोणावरच नसते.

दुसरे उदाहरण १८८९ च्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनाचे आहे. अधिकृत कलादालनाच्या जवळच व्होल्पिनी नावाच्या गृहस्थाचे कॅफे होते. भिंतींसाठी मागविलेले आरसे वेळेवर आले नाहीत, म्हणून शुफेनेकेर याच्या खटपटीने त्या रिकाम्या भिंती गोगँ व त्याच्या मित्रांना मिळाल्या. म्हणजे चित्रे तेथे आली ती आरशांच्या ऐवजी! फेनेओं या समीक्षकाने टेबले, बिअरचे नळ व वाद्यवृंद यांच्या अडथळ्यामुळे चित्रांपर्यंत पोचणे कठीण असल्याची तक्रार केली. व्हिन्सेंटचा भाऊ तेओ याला हा मार्ग मागच्या जिन्याने आत शिरण्यासारखा वाटला व त्याने व्हिन्सेंटची चित्रे तेथे दिली नाहीत. विक्रीच्या दृष्टीने प्रदर्शन निष्फळ ठरले. तरीही सेरूझिए, मोरीस देनी यांसारख्या तरुण चित्रकारांवर त्याचा जो परिणाम झाला, त्यामुळे आधुनिक चित्रकलेच्या इतिहासात त्याची नोंद करावी लागते. हा परिणाम भिंतीचा नव्हता. कोणाला घ्यावयाचे व कोणाला नाही याचा निर्णय तेथे कलावंतांनी केला होता, यादी छापली होती, गटाला नाव दिले होते. चित्रशाळेची सर्व कामे चित्रकारांनी स्वतः केली; कॅफेने केवळ आरशांची जागा दिली.

याच्या उलट टोकाला बार्सिलोनाचे ‘एल्स क्वात्रे गात्स’ आहे. ‘चार मांजरे’ असा या नावाचा शब्दशः अर्थ. आपण ‘चार टाळकी’ म्हणतो तशा अर्थाने कॅटलन भाषेत तो वाक्प्रचार वापरतात. पेरे रोमेउ याने १८९७ मध्ये ते उघडले आणि १९०३ मध्ये ते बंद पडले. रॅमोन कासास याने स्वतःला व रोमेउला दोघांच्या सायकलीवर बसलेले दाखविणारे मोठे चित्र त्या भिंतीसाठीच रंगविले. आज ते बार्सिलोनातील कॅटलोनियाच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयात आहे. येथेच फेब्रुवारी १९०० मध्ये अठरा वर्षांच्या पिकासोने आपल्या परिचितांच्या व्यक्तिचित्रांचे प्रदर्शन भरविले. आदल्याच वर्षी कासासची व्यक्तिचित्रे साला पारेस या प्रतिष्ठित चित्रशाळेत लागली होती. तरुण पिकासोला ते दालन नव्हे, कॅफेची भिंत मिळाली. पण ती भिंत निनावी नव्हती. रोमेउ गल्ल्यामागचा दुकानदार नव्हता, यजमान होता. चित्रांविषयी विचारणारे कोणी आले तर उत्तर द्यावयास तेथे माणूस होता, आणि भोवती प्रदर्शने, छायानाट्ये व नियतकालिक चालविणारे मंडळ होते.

मुंबईत हा संबंध उलटा दिसला. जहांगीर कलादालन १९५२ मध्ये उघडले आणि त्याच्या वास्तूत १९६४ पासून २०१५ पर्यंत समोवार हे उपाहारगृह चालले. तेथे चित्रशाळा यजमान होती व उपाहारगृह पाहुणे. चित्रे पाहून माणसे चहाला बसत. चहासाठी आलेला मनुष्य जाता येता चित्रे पाही. दालन मिळण्यासाठी चित्रकाराला भाडे द्यावे लागते व दीर्घकाळ वाट पाहावी लागते, हे खरे. म्हणजे तेथेही चित्रकाराला स्वतःची सेवा स्वतः करावी लागते. परंतु तो करार उघड आहे : भाड्याच्या मोबदल्यात, जिचे प्रयोजनच चित्र पाहणे आहे अशी जागा ठराविक दिवसांपुरती त्याची होते.

आता स्वयंसेवेच्या कॉफीगृहाकडे परत यावे. तेथे वाढपी नाही, म्हणून यजमानही नाही. काउंटरवरील तरुणाला कॉफीच्या प्रकारांची माहिती असते, चित्रांची असावी अशी अपेक्षा नसते. चौकट करणे, चित्र वाहून आणणे, खिळा ठोकणे, चिठ्ठी लिहिणे, ओळखीच्यांना बोलावणे, महिन्याअखेर चित्र उतरवून नेणे, ही सर्व कामे चित्रकार करतो. वाफेने कागद फुगला किंवा खुर्चीच्या पाठीने कॅनव्हास घासला तर नुकसान त्याचे. दुकानाला दर महिन्याला नवी भिंत विनामूल्य मिळते. ग्राहकाच्या स्वयंसेवेला दराची सवलत व बसण्याचे स्वातंत्र्य हा मोबदला होता. चित्रकाराच्या स्वयंसेवेला ‘लोकांनी पाहिले’ एवढाच मोबदला उरतो, आणि त्याचे मोजमाप कोणालाच करता येत नाही. एकाच छपराखाली, एकाच नावाने चालणारे हे दोन भिन्न व्यवहार आहेत. पहिला न्याय्य विनिमय आहे. दुसऱ्यात श्रम एका बाजूला व लाभ बव्हंशी दुसऱ्या बाजूला आहे.

याचा परिणाम चित्रकाराच्या उत्पन्नापुरता राहत नाही, तो चित्रांच्या निवडीपर्यंत पोचतो. निवडीची जबाबदारी कोणी घेत नाही तेथे नकारही स्पष्टपणे दिला जात नाही. ग्राहकाला अस्वस्थ करणारे चित्र आपोआप मागे राहते. भिंतीच्या रंगाशी जुळणारी, घासातील गोडी न मोडणारी चित्रे पुढे येतात. कला शोभा होऊन बसते या तक्रारीत तथ्य आहे ते एवढेच. पण हा दोष कॉफीचा किंवा टेबलांचा नव्हे. व्होल्पिनीच्या कॅफेत टेबलेही होती व बिअरही होती. अपश्रेय उत्तरदायित्वाच्या अभावाचे आहे.

म्हणून अशा स्थळाची समीक्षा करताना ‘ही चित्रशाळा आहे की दुकान?’ असा प्रश्न विचारून भागणार नाही. ते दोन्ही असू शकते. विचारावयाचे प्रश्न अधिक साधे आहेत : चित्रे कोणी निवडली व त्याचे नाव भिंतीवर आहे काय? चित्र खराब झाले किंवा दुकान बंद पडले तर ते कोण भरून देणार, हे लेखी आहे काय? विक्रीतील वाटा ठरलेला आहे काय? यांची उत्तरे मिळत असतील तर त्या जागेला चित्रशाळा हे नाव शोभते, मग तेथे पेला कोणीही उचलो. ती मिळत नसतील तर तेथे चित्रे आहेत, चित्रशाळा नाही. ग्राहकाने आपली सेवा आपण करावी हे योग्यच आहे. चित्रकाराने दुकानाचीही सेवा करावी, हे त्या तत्त्वातून निष्पन्न होत नाही.