सॅमनची चढण आणि अवांतर पकड : कोलंबिया नदीतील मासेमारी-साधनांची चिकित्सा

पहिल्या पावसाच्या पाण्यावर ओढ्या-नद्यांतून वर सरकणाऱ्या मासळीला कोकणात 'चढणीचे मासे' म्हणतात. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम भागातील कोलंबिया नदीत सॅमन माशांची जी वार्षिक यात्रा चालते, तिला 'चढण' हाच शब्द सर्वांत साजेसा आहे. समुद्रात वाढलेला सॅमन आपल्या जन्माच्या उपनदीकडे शेकडो किलोमीटर प्रवाहाविरुद्ध जातो, अंडी घालतो आणि मरतो. त्याचा जवळचा नातलग स्टीलहेड मात्र काही वेळा अंडी घालून पुन्हा समुद्रात परततो. या चढणीचे वैशिष्ट्य असे की, निरनिराळ्या जातींचे आणि निरनिराळ्या उपनद्यांचे मासे एकाच वेळी, एकाच पात्रातून, खांद्याला खांदा लावून जात असतात.

याच वैशिष्ट्यामुळे नदीतील अवांतर पकडीचा, म्हणजेच बायकॅचचा प्रश्न समुद्रातील प्रश्नाहून वेगळा ठरतो. कोळंबीच्या जाळ्यात कासव आले, तर ते कासव आहे हे सांगावे लागत नाही. नदीत मात्र हवा असलेला चिनूक सॅमन आणि नको असलेला चिनूक सॅमन एकाच आकाराचे, एकाच रंगाचे असतात. एक उबवणी केंद्रात जन्मलेला असतो, तर दुसरा एखाद्या उपनदीत शिल्लक उरलेल्या वन्य वंशाचा. पहिला बाजारात जावा आणि दुसरा वर जावा, अशी आजच्या व्यवस्थापनाची अपेक्षा आहे. कोणते साधन ही अपेक्षा पुरी करू शकते, हा वरकरणी तांत्रिक प्रश्न होय. परंतु कोलंबियाचा इतिहास पाहता तो तंत्राइतकाच सत्तेचाही प्रश्न असल्याचे दिसून येते.

या नदीवर सॅमन डबाबंद करण्याचा पहिला कारखाना १८६६ साली सुरू झाला. १८८३ च्या हंगामात केवळ चिनूकची पकड चार कोटी पौंडांच्या वर गेली. एवढी मासळी पुरविण्यासाठी तीन प्रकारची साधने एकमेकांशी स्पर्धा करू लागली. मुखाजवळच्या रुंद पात्रात प्रवाहाबरोबर वाहत जाणारी गिलनेट; उथळ पाण्यात खुंट रोवून उभारलेले सापळे आणि किनाऱ्याकडे ओढून घ्यायची लांब जाळी; आणि १८७९ पासून, वरच्या अरुंद व वेगवान पात्रात, मत्स्यचक्रे. मत्स्यचक्राची रचना रहाटगाडग्यासारखी असते. प्रवाहाच्या जोराने चक्र फिरते, त्याच्या जाळीदार टोपल्या वर येणाऱ्या माशांना उचलतात आणि बाजूच्या पेटीत सोडतात. माणसाने काही करण्याची गरजच उरत नाही. हे दृश्य पाहणाऱ्याला चक्र म्हणजे लोभाचेच यंत्र वाटले असेल, तर त्यात नवल नाही.

चक्रांविरुद्धची लोकभावना याच दृश्यावर पोसली गेली. वस्तुतः नदीच्या एकूण पकडीत चक्रांचा वाटा लहानच होता. मोठा भाग गिलनेटवाल्यांच्या हाती होता. तरीही वाद 'संरक्षणा'च्या भाषेत मांडला गेला. १९०८ साली ओरेगन राज्यात घडलेला प्रकार या संदर्भात फारच बोलका आहे. नदीच्या वरच्या भागातील चक्रवाल्यांनी खालच्या गिलनेटवर निर्बंध आणणारा प्रस्ताव जनमतासाठी ठेवला, तर खालच्या गिलनेटवाल्यांनी चक्रांवर बंदी आणणारा. दोघांनीही सॅमनच्या रक्षणाची हाक दिली आणि मतदारांनी दोन्ही प्रस्ताव मंजूर केले! मतदारांची ही निष्पक्षता विनोदी वाटली, तरी दोन्ही पक्षांच्या हेतूंविषयीचे त्यांचे निदान चुकीचे नव्हते, असेच म्हणावे लागेल.

पुढे संख्याबळाने निकाल लावला. १९२६ साली ओरेगनमध्ये चक्रांवर बंदी आली. १९३४ साली वॉशिंग्टन राज्याने जनमताने चक्रे, सापळे आणि इतर स्थिर साधने बंद केली. १९४८ साली ओरेगननेही सापळे व ओढजाळी यांच्याविरुद्ध कौल दिला. मुख्य पात्रात व्यापारी मासेमारीचे प्रमुख साधन म्हणून उरले ते गिलनेट. मासेमारीचा एकूण ताण यामुळे हटला नाही; तो एका साधनावरून दुसऱ्या साधनावर सरकला, इतकेच.

या कायद्यांतील मूलभूत उणीव अशी की, त्यांनी साधनाची परीक्षा 'ते किती पकडते' या एकाच कसोटीवर केली. 'पकडलेल्यांपैकी किती मासे जिवंत व सुस्थितीत परत सोडता येतात' ही दुसरी कसोटी त्यांना सुचली नाही. त्या काळी ती सुचण्याचे कारणही नव्हते, कारण जाळ्यात येणारा प्रत्येक सॅमन हवाच होता. परंतु या दोन कसोट्या साधनांचा क्रम नेमका उलटा लावतात. सापळ्यात मासा पोहतच आत येतो. किनाऱ्यापासून आडवी घातलेली जाळीची भिंत त्याला वळवते आणि निमुळत्या तोंडातून तो शेवटच्या कोठीत जातो. तेथे पाण्यातच राहून तो उचलला जाईपर्यंत पोहत राहतो. गिलनेटचे कार्य याहून मुळातच भिन्न आहे. मासा जाळ्याच्या आसात डोके घालतो. धागा कल्ल्यांमागे रुततो. पुढे जाता येत नाही आणि मागे फिरता येत नाही. कल्ल्यांची हालचाल थांबली की श्वास थांबतो. बाहेर काढताना जिवंत असलेला मासाही खवले गमावलेला, जखमी आणि थकलेला असतो. त्याला सोडल्यावर तो तासाभराने मेला की आठवड्याने, हे जाळे टाकणाऱ्याला दिसत नाही. जे साधन जिवंत निवड करू शकत होते ते बेकायदा ठरले आणि ज्याला ते सर्वांत कठीण जाते ते टिकले.

ही विसंगती अर्धशतकाहून अधिक काळ झाकलेली राहिली. १९९१ साली स्नेक या उपनदीतील सॉकाय सॅमनची संकटग्रस्त म्हणून नोंद झाली. १९९२ मध्ये त्याच उपनदीतील चिनूक आणि १९९७ मध्ये स्टीलहेड त्यात आले. आज कोलंबिया खोऱ्यातील सॅमन व स्टीलहेडचे तेरा वंशगट या संरक्षित यादीत आहेत. दुसरीकडे, धरणांनी केलेल्या हानीची भरपाई म्हणून चालविलेली उबवणी केंद्रे कोट्यवधी पिले नदीत सोडत होती. पिले सोडण्यापूर्वी पाठीवरचा, शेपटीजवळचा छोटा मांसल पर कापण्याची पद्धत रूढ झाली. पर नसलेला मासा ठेवावा, पर असलेला सोडावा, असा हा नियम आहे. मात्र हा पर डोळ्यालाच दिसतो. आस मोठा ठेवला, तर लहान चणीचा स्टीलहेड निसटू शकतो. पण आस देहाचा आकार ओळखतो, जन्मस्थान ओळखत नाही.

गिलनेट सुधारण्याचे प्रयत्न झाले, हे नोंदविणे न्याय्य ठरेल. या शतकाच्या आरंभी लहान आसाचे 'टँगल नेट' वसंतातील चिनूकसाठी वापरात आले. त्यात मासा कल्ल्यांऐवजी जबड्याने वा दातांनी अडकतो. जाळे पाण्यात ठेवण्याचा कालावधी कमी केला गेला आणि निपचित माशासाठी होडीत वाहत्या पाण्याची पेटी ठेवणे आवश्यक केले गेले. तथापि आस लहान केल्याने चिनूकची इजा घटते, तसाच पूर्वी निसटून जाणारा स्टीलहेडही अडकू लागतो. एका वंशाला दिलेली सवलत दुसऱ्याच्या खात्यावर पडते.

येथेच व्यवस्थापनाच्या हिशोबपद्धतीची चिकित्सा अपरिहार्य ठरते. कायद्याने वन्य माशांच्या 'हानी'ची टक्केवारी ठरवून दिली आहे. करारबाह्य मासेमारीसाठी हिवाळी वन्य स्टीलहेडच्या बाबतीत ही मर्यादा २ टक्के राहिली आहे. पण हानी मोजली जाते ती कशी? सोडलेल्या माशांची संख्या गुणिले त्या साधनासाठी गृहीत धरलेला मृत्युदर. पहिला आकडा निरीक्षकांच्या नमुन्यावर आणि दुसरा मर्यादित प्रयोगांवर आधारलेला असतो. पाणी तापलेले असताना किंवा सील मागावर असताना सोडलेल्या माशाचे भवितव्य सरासरीहून वेगळे असते. तरीही हंगाम किती दिवस चालेल, हे त्या गुणाकारावरच ठरते. कागदावर वाचलेला मासा अंडी घालण्याच्या जागी पोहोचलाच, असे मानण्यास पुरेसा आधार नसतो.

या पार्श्वभूमीवर वॉशिंग्टन राज्यातील कॅथलामेटजवळ २०१७ साली झालेल्या प्रयोगाचे महत्त्व लक्षात येते. १९३४ मध्ये बंद झालेल्या सापळ्याच्याच धर्तीवर खुंटांचा सापळा तेथे उभारण्यात आला. खुणा लावून सोडलेल्या माशांच्या वरच्या प्रवासावरून काढलेले जगण्याचे प्रमाण स्टीलहेडसाठी सुमारे ९४ टक्के व चिनूकसाठी ९९ टक्क्यांहून अधिक आढळले. निष्कर्ष प्रभावी आहेत. परंतु त्यांवरून लगेच जयघोष करणे घाईचे होईल. हा एका जागेचा आणि एका हंगामाचा अनुभव आहे. शिवाय सापळा स्थिर असतो. चांगली जागा ज्याच्या हाती, मासळी त्याच्या हाती. एकोणिसाव्या शतकात अशा जागा कारखानदारांकडे एकवटल्या होत्या आणि होडीवर पोट असलेल्या कोळ्याचा सापळ्यावरचा राग निव्वळ अज्ञानातून आलेला नव्हता. सापळ्याचे आजचे पुरस्कर्ते या रागाचा उल्लेख करतात, पण जागांच्या मालकीचे काय, या प्रश्नाला पुरेसे भिडत नाहीत.

मालकीचा हा प्रश्न मूळ रहिवाशांच्या संदर्भात अधिक तीव्र होतो. १८५५ च्या करारांनी याकामा, उमाटिला, नेझ पर्स व वॉर्म स्प्रिंग्ज येथील जमातींना त्यांच्या परंपरागत जागी मासेमारीचा हक्क राखून दिला होता. विनान्स बंधूंनी मत्स्यचक्रांसाठी किनाऱ्याची जमीन घेऊन याकामांची वाट अडविली, तेव्हा १९०५ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, चक्राचा परवाना वा जमिनीची मालकी करारातील हक्क पुसून टाकू शकत नाही. सेलिलो धबधब्यावर लाकडी मचाणांवरून लांब दांड्याच्या हातजाळ्याने एकेक मासा उचलण्याची त्यांची पद्धत होती. नको असलेला मासा तत्क्षणी परत सोडता येईल असे याहून साधे साधन क्वचितच असेल. १० मार्च १९५७ रोजी डॅलेस धरणाच्या जलाशयात सेलिलो बुडाला. त्यानंतर संथ झालेल्या पाण्यात जमातींचे व्यापारी कोळी प्रामुख्याने खुंटवलेल्या गिलनेटवर अवलंबून राहिले. त्याच गिलनेटकडे आज बोट दाखवून 'हे विनाशक साधन सोडा' असे त्यांना सांगितले जाते, तेव्हा त्यांचे निवडक साधन कोणी बुडविले, हा प्रश्न सोयीस्करपणे वगळला जातो. खोऱ्यात एके काळी दरवर्षी एक कोटी ते एक कोटी साठ लाख सॅमन व स्टीलहेड परतत असत, असा १९८६ मधील एक अधिकृत अंदाज आहे. ती संख्या घटण्यात धरणांचा वाटा फार मोठा आहे आणि कोणत्याही जाळ्याचा आस बदलून तो कमी होणारा नाही.

जमातींनी साधनबदल नाकारला, असेही मात्र नाही. कॉलव्हिल जमातींनी ओकानोगन नदीच्या मुखाशी पर्ससीन वापरून उबवणी केंद्रातील चिनूक ठेवण्याची आणि वन्य चिनूक पाण्यातूनच सोडण्याची पद्धत अंगीकारली. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर ज्या पर्ससीनचे नाव अतिरेकी मासेमारीशी जोडले जाते, तेच जाळे तेथे वन्य वंश राखण्यासाठी कामी येते. २०१३ पासून त्यांचे स्वतःचे उबवणी केंद्रही चीफ जोसेफ धरणाच्या पायथ्याशी चालू आहे. सोडलेले वन्य चिनूक तेथून ओकानोगनमध्ये वळतात. मुख्य नदीने सरळ वर जाऊ पाहणाऱ्याला मात्र चीफ जोसेफशीच थांबावे लागते. त्या धरणाला मासे वर जाण्याची वाट ठेवलेली नाही.