प्रातिनिधिक काव्यसंग्रहातील 'प्रतिनिधित्व' : उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर परिसरातील साहित्य मंडळांचा चिकित्सक विचार

प्रस्तावना :

मराठी वाङ्मयेतिहासाने ग्रंथकारांची, नियतकालिकांची आणि वाङ्मयीन चळवळींची नोंद घेतली. परंतु शहरोशहरी चालणाऱ्या साहित्य मंडळांकडे मात्र 'हौशी' म्हणून दुर्लक्षच केले. वास्तविक आज कविता लिहिणाऱ्या बहुसंख्य व्यक्तींचा साहित्यव्यवहाराशी पहिला संबंध येतो तो अशा मंडळातूनच. मासिक बैठक, काव्यस्पर्धा आणि वर्षाअखेरीस सभासदांच्या वर्गणीतून निघणारा प्रातिनिधिक काव्यसंग्रह ही या व्यवहाराची तीन अंगे होत. प्रस्तुत लेखात उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या परिसराच्या संदर्भात या तीन अंगांचा परस्परसंबंध तपासला आहे. बैठकीतील चिकित्सा क्षीण झाली की स्पर्धा व संग्रह यांना केवळ सहभागाच्या नोंदीचे स्वरूप येते, हे या लेखाचे प्रमुख प्रतिपादन आहे.

परिसराची पार्श्वभूमी :

फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना दुसऱ्या महायुद्धकाळातील कल्याण लष्करी छावणीत आसरा देण्यात आला. या छावणीचे ८ ऑगस्ट १९४९ रोजी उल्हासनगर असे नामकरण झाले. अंबरनाथची ओळख एकीकडे शके ९८२ (इ. स. १०६०) च्या शिलालेखामुळे कालनिश्चिती झालेल्या शिलाहारकालीन शिवमंदिराची, तर दुसरीकडे आयुधनिर्माणी व काडेपेटीच्या कारखान्याभोवती वाढलेल्या कामगारवस्तीची आहे. मुंबईत घर न परवडणाऱ्या मध्यमवर्गीय मराठी कुटुंबांच्या स्थलांतरातून बदलापूर विस्तारले. मूळच्या आगरी, ठाकूर, कातकरी वस्त्याही याच परिसरात आहेत. थोडक्यात, अवघ्या काही किलोमीटरच्या रेल्वेपट्ट्यात सिंधी, हिंदी, प्रमाण मराठी व आगरी बोली शेजारीशेजारी नांदतात. अशा परिसरातील संग्रह स्वतःला 'प्रातिनिधिक' म्हणवितो, तेव्हा तो नेमके कोणाचे प्रतिनिधित्व करतो, हा प्रश्न अपरिहार्य ठरतो.

बैठक : दाद आणि दुरुस्ती

साहित्य मंडळाची कल्पना मराठीला नवी नाही. १९२३ साली पुण्यात स्थापन झालेल्या रविकिरण मंडळाचे सभासद रविवारी चहाच्या निमित्ताने एकत्र येत, परस्परांच्या कविता ऐकत आणि त्यांवर चर्चा करीत. माधव जूलियन, यशवंत, गिरीश, श्री. बा. रानडे, मनोरमाबाई रानडे प्रभृती कवींच्या या मंडळाने 'किरण' हा सामुदायिक संग्रह काढला. त्या अर्थाने आजचे प्रातिनिधिक संग्रह याच परंपरेतील म्हणता येतील. मात्र एक फरक लक्षणीय आहे. रविकिरण मंडळात छंदाचा काटेकोर अभ्यास करणारा 'छंदोरचना'कार होता आणि मंडळाबाहेर १९२५ मध्ये 'झेंडूची फुले'मधून विडंबनाचे शस्त्र चालविणारे आचार्य अत्रेही होते. म्हणजे कवितेला आतून शिस्त होती आणि बाहेरून टीकेचा धाक होता.

याच पद्धतीचे दुसरे उदाहरण सिंधी साहित्यात मिळते. उल्हासनगरच्या संदर्भात ते अधिक जवळचे आहे. फाळणीनंतर मुंबईत ए. जे. उत्तम आदी लेखकांनी सिंधी साहित्य मंडळ चालविले. त्याच्या साप्ताहिक बैठकांचे अध्यक्षस्थान प्रा. मंघाराम मलकाणी भूषवीत. पतीसमवेत या बैठकांना जाणाऱ्या सुंदरी उत्तमचंदाणी यांची पहिली कादंबरी १९५३ मध्ये प्रसिद्ध झाली आणि १९८६ मध्ये त्यांना साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. मायदेश गमावलेल्या समाजाच्या साहित्याला सावरण्यात एका प्राध्यापकाने नियमितपणे वाचलेले आणि तपासलेले लेखन उपयोगी पडले, ही बाब महाविद्यालयीन अध्यापकवर्गाने विशेष ध्यानात घ्यावी अशी आहे.

आजच्या मासिक बैठकीत सामान्यतः वीस-पंचवीस कवी दोन तासांत कविता सादर करतात. प्रत्येकाच्या वाट्याला चार-पाच मिनिटे येतात. चर्चेसाठी वेळ उरतच नाही. सादरीकरणानंतर टाळ्या मिळतात, त्याच प्रतिक्रिया ठरतात. विंदा करंदीकर, वसंत बापट व मंगेश पाडगावकर यांच्या जाहीर काव्यवाचनांनी मराठी श्रोता घडविला हे खरेच. तथापि त्या मंचावर येणारी कविता आधीच सिद्ध झालेली असे. मंडळाच्या बैठकीत येणारी कविता अजून घडायची असते. तिला दाद हवी, तशीच दुरुस्तीही हवी. पहिलीचा वर्षाव आणि दुसरीचा अभाव यांमुळे तीच प्रतिमा, तेच यमक वर्षानुवर्षे टिकून राहते.

येथे गझलेचे उदाहरण उद्बोधक आहे. सुरेश भटांनी 'गझलेची बाराखडी' लिहून नवोदितांसमोर वृत्त, काफिया व रदीफ यांचे नियम ठेवले. उर्दू परंपरेतील उस्तादाकडून घ्यावयाच्या 'इस्लाह'चा, म्हणजे दुरुस्तीचा, संस्कारही त्यामागे होता. त्यामुळे गझलकारांच्या बैठकीत निदान 'हा शेर वृत्तात नाही' एवढे तरी निःसंकोचपणे सांगता येते. मुक्तछंदाच्या बाबतीत असा समान निकष उपलब्ध नसल्याने टीका ही व्यक्तिगत आकस मानली जाते आणि सौजन्यापोटी सर्व जण मौन पाळतात.

स्पर्धा : विषय, क्रमांक आणि मौन

स्पर्धेमुळे लिहिण्यास निमित्त मिळते, मुदत पाळण्याची सवय लागते आणि अनोळखी परीक्षकाकडून मूल्यमापन होते. हे तिचे लाभ नाकारता येत नाहीत. परंतु 'आई', 'पाऊस', 'श्रावण', 'मैत्री' यांसारखे विषय आणि ओळींची मर्यादा ठरवून दिली की कविता अनुभवाकडून निघण्याऐवजी विषयाकडून निघते. परीक्षकाचा निकाल प्रथम, द्वितीय, तृतीय व उत्तेजनार्थ या क्रमांकांतच संपतो. पारितोषिक न मिळालेल्या कवितेत काय उणे होते आणि मिळालेल्या कवितेत काय अधिक होते, याविषयी एक ओळही लिहिली जात नाही. प्रमाणपत्र व सन्मानचिन्ह हाती येते. पुढची कविता मात्र मागच्या कवितेच्याच पायरीवर उभी राहते.

संग्रह : संकलन की संपादन?

प्रातिनिधिक संग्रहाची रचना बहुधा ठरलेली असते. सुरुवातीस शुभेच्छापत्रे, त्यानंतर प्रस्तावना व संकलकाचे मनोगत, पुढे प्रत्येक कवीस दोन-तीन पृष्ठे, छायाचित्र व अल्पपरिचय. खर्च सहभागी कवींच्या वर्गणीतून भागतो. स्वखर्चाने प्रकाशन यात कमीपणा मुळीच नाही. रूढ प्रकाशनव्यवहाराने ज्यांना दारात उभे केले नाही त्यांना याच मार्गाने वाट मिळाली आहे. दोष वेगळ्या ठिकाणी आहे. ज्याने वर्गणी भरली त्याची कविता नाकारता येत नाही आणि ज्याची ऐपत नाही त्याची चांगली कविताही वगळली जाते. परिणामी निवडीचा अधिकार संपादकाकडून जमाखर्चाकडे जातो. 'सत्यकथा' १९८२ साली बंद झाले. त्या मासिकाच्या निवडीविषयी मतभेद असोत, परंतु साहित्य परत पाठविताना लेखकाशी पत्रातून बोलणारे श्री. पु. भागवत, राम पटवर्धन यांच्यासारखे संपादक या व्यवस्थेत दिसत नाहीत, हे मान्य करावे लागते.

संपादनाच्या अभावाचा परिणाम आशयावरही होतो. अंबरनाथच्या प्राचीन मंदिराजवळून वाहणारी वालधुनी पुढे उल्हासनगरात रासायनिक सांडपाण्याने काळवंडते. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुरात बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकून पडली व सुमारे हजार प्रवाशांना सोडवावे लागले. बंद पडलेले कारखाने, पहाटेची लोकल, निर्वासितांच्या बराकी, जीन्स धुण्याचे कारखाने हे सर्व येथील कवीच्या नित्य अनुभवाचा भाग आहे. तरीही स्पर्धेतून संग्रहात आलेला पाऊस बहुधा मातीच्या सुगंधाचा आणि हिरव्या शालूचाच असतो. तो रुळांवर साचत नाही. कवीजवळ अनुभव नाही असे नव्हे, तर 'हे लिहिण्याजोगे आहे' असे त्याला सांगणारे कोणी नाही. त्याचप्रमाणे आगरी बोलीतील कविता कार्यक्रमात गमतीचा भाग म्हणून ऐकली जाते आणि सिंधी कवी शेजारच्या रस्त्यावर असूनही अनुवादानेसुद्धा संग्रहात येत नाही. १८८५ च्या ग्रंथकार सभेचे निमंत्रण महात्मा फुले यांनी नाकारले, त्यामागे तेथे कोणाचे हित मांडले जाते हाच प्रश्न होता. आजच्या छोट्या संग्रहालाही तो टाळता येणार नाही.

प्राध्यापकांची भूमिका :

या व्यवहारात महाविद्यालयीन अध्यापक त्रयस्थ नाहीत. परीक्षक, प्रमुख पाहुणे आणि प्रस्तावनाकार म्हणून बहुधा त्यांनाच पाचारण केले जाते. प्रस्तावनेत प्रत्येक कवीसाठी एकेक गौरवाचे वाक्य लिहिण्याची प्रथा रूढ आहे. अशी प्रस्तावना कोणालाही दुखवीत नाही आणि कोणाच्याही उपयोगी पडत नाही. वर्गात काव्यसमीक्षा शिकविणाऱ्याने मंचावर ती बाजूस ठेवावी, हा सौजन्याचा नव्हे तर कवीला गांभीर्याने न घेण्याचा प्रकार आहे. आयएसबीएन क्रमांक असणे म्हणजे दर्जाची मान्यता मिळणे, हा गैरसमजही अध्यापकांनीच दूर करावयास हवा. तो क्रमांक पुस्तकाची ओळख पटवितो, गुणवत्ता नव्हे.

१९९१ साली मधु मंगेश कर्णिक यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या कोकण मराठी साहित्य परिषदेने शाखाविस्तारातून ठाणे जिल्ह्यातील लहान शहरांपर्यंत साहित्यव्यवहार नेला. बदलापुरात श्याम जोशी यांनी 'ग्रंथसखा'च्या रूपाने दुर्मीळ मराठी ग्रंथांचा संग्रह उभा केला. म्हणजे व्यासपीठ आणि ग्रंथालय दोन्ही या परिसराला लाभले. उणीव आहे ती चिकित्सक वाचकाची. आणि ती भरून काढण्यास मराठी विभागांइतके समर्थ दुसरे कोणी नाही.

निष्कर्ष :

१. साहित्य मंडळे ही नवलेखनाची पहिली शाळा आहेत. त्यांना हौशी ठरवून दूर सारणे जितके अयोग्य, तितकेच त्यांचे सरसकट कौतुक करणेही अयोग्य होय.

२. मासिक बैठकीत निदान दोन कवितांच्या प्रती आधी वाटून त्यांवर सविस्तर चर्चा व्हावी. उरलेला वेळ सादरीकरणास द्यावा.

३. स्पर्धेच्या परीक्षकाने कवीचे नाव न पाहता परीक्षण करावे आणि निकालासोबत लेखी अभिप्राय द्यावा.

४. वर्गणी व निवड यांची फारकत करावी. खर्च मंडळाच्या सामायिक निधीतून व्हावा आणि संपादकास नकाराचा अधिकार असावा.

५. संग्रहात आगरी बोलीतील व सिंधीतून अनुवादित कवितांना हेतुपूर्वक स्थान द्यावे.

६. १९५४ च्या ग्रंथ-प्रदान कायद्यानुसार संग्रहाच्या प्रती विहित ग्रंथालयांकडे पाठवाव्यात, तसेच स्थानिक महाविद्यालयांनीही त्या जतन कराव्यात. अन्यथा या परिसराचा वाङ्मयीन इतिहास लिहिण्यास साधनेच उरणार नाहीत.

आपली कविता कोणीतरी लक्षपूर्वक वाचावी, ही मंडळात येणाऱ्या प्रत्येकाची मूळ अपेक्षा असते. छापील पान, सन्मानचिन्ह आणि टाळ्या यांतून ती पुरी होत नाही. ती पुरी करणारी बैठक जेव्हा पुन्हा उभी राहील, तेव्हाच 'प्रातिनिधिक' हा शब्द संग्रहाच्या मुखपृष्ठावर सार्थ ठरेल.