‘ध’ चा ‘मा’ कोणी केला?

सामान्यज्ञानाचीं पुस्तकें हा आपल्याकडे चांगलाच खपणारा वाङ्मयप्रकार झाला आहे. त्यास वाङ्मय म्हणावें कीं नाहीं, अशी शंका कोणी रसिक घेईल. परंतु जें पुस्तक स्पर्धापरीक्षेस बसणारा तरुण तोंडपाठ करतो, शाळेंतल्या चढाओढींत ज्याच्या जोरावर बक्षिसें मिळतात आणि ज्यांतले प्रश्न जेवणें आटोपल्यावर घरोघर एकमेकांस घातले जातात, त्याच्याकडे टीकाकारानें पाठ फिरवणें बरें नव्हे. या पुस्तकास लाभणारा वाचक कादंबरीच्या वाचकाहून कितीतरी विश्वासू असतो. कादंबरीकाराशीं तो हुज्जत घालतो. कंसांत छापलेलें उत्तर मात्र निमूटपणें स्वीकारतो.

या पुस्तकांत इतिहास आणि भाषा यांच्या सीमेवरचे कांहीं ठरलेले प्रश्न असतात. त्यांपैकीं दोनच घेऊं. ‘‘ध’ चा ‘मा’ कोणी केला?’ उत्तर: आनंदीबाईनें. ‘अटकेपार झेंडा कोणी लावला?’ उत्तर: राघोबादादांनीं. हे प्रश्न सहसा शेजारीं शेजारीं छापलेले नसतात, म्हणून एक गोष्ट नजरेंतून सुटते. हीं दोन्ही माणसें नवराबायको होतीं. मराठी भाषेनें एकाच जोडप्यावरून दोन वाक्प्रचार घेतले, आणि त्यांतली कीर्ति नवऱ्याच्या वांट्यास गेली, कलंक बायकोच्या. वास्तविक मूळ वाक्प्रचारांत कोणाचेंच नांव नाहीं. ‘ध’ चा ‘मा’ करणें म्हणजे एखादें अक्षर फिरवून अर्थाचा अनर्थ करणें, एवढेंच भाषा सांगते. ‘कोणी?’ हा शब्द प्रश्नकर्त्यानें पदरचा घातलेला आहे. आणि ‘कोणी?’ असें विचारलें, कीं पुढें एक नांव द्यावेंच लागतें.

मूळ घटना सर्वांच्या परिचयाची आहे. थोरले माधवराव १७७२ च्या नोव्हेंबरांत थेऊर येथें वारले आणि त्यांचे धाकटे बंधु नारायणराव पेशवे झाले. चुलते रघुनाथराव, म्हणजेच राघोबादादा, वाड्यांतच नजरकैदेंत होते. ३० ऑगस्ट १७७३ रोजीं गारदी थकलेल्या पगाराचा गलका करीत शनिवारवाड्यांत घुसले. सुमेरसिंग त्यांचा म्होरक्या. अठरा वर्षांचा पेशवा धांवत चुलत्यापाशीं गेला आणि तेथेंच मारला गेला. ‘काका, मला वांचवा’ ही त्याची हांक अजून त्या वाड्यांत ऐकूं येते, असें पुण्यांत सांगतात.

पुढें चौकशी झाली. ती रामशास्त्री प्रभुणे यांनीं केली, आणि त्यांनीं दोष ठेवला तो रघुनाथरावांवर. हें वाक्य वाचकांनीं पुन्हां एकदां वाचावें. ज्या न्यायाधीशाचें नांव आपण निःस्पृहतेचा नमुना म्हणून मुलांस सांगतों, त्याच्या निकालांतला आरोपी पुरुष आहे. आपल्या प्रश्नोत्तरांतला आरोपी मात्र त्याची स्त्री आहे. हा बदल झाला कसा?

चिठ्ठीची गोष्ट येथें येते. गारद्यांस दिलेल्या लेखी हुकुमांत मूळचा शब्द ‘धरावें’ असा होता, तो फिरवून ‘मारावें’ असा केला होता, ही ती हकीकत. ग्रँट डफ यानें १८२६ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या मराठ्यांच्या इतिहासांत ती दिली आहे, आणि ती सांगण्याची त्याची रीत लक्षांत घेण्यासारखी आहे. शब्द फिरवलेला आढळला, हें तो रामशास्त्र्यांच्या शोधाचें फळ म्हणून सांगतो. तो आनंदीबाईनें फिरवला, हें मात्र सर्वत्र असलेली समजूत म्हणून सांगतो. बाईविषयीं त्याचें स्वतःचें मत चांगलें नाहीं. तरीहि पुराव्याच्या जागीं त्याला समजुतीवरच भागवावें लागलें. शोध आणि समजूत यांच्यामधली ही रेघ त्या परक्या इतिहासकारानें राखली आणि आमच्या प्रश्नपुस्तकांनीं पुसून टाकली.

शिवाय, या अक्षराच्या गोष्टीनें सोय कोणाची होते, हेंहि पाहिलें पाहिजे. ती खरी मानली, तर दादांनीं पुतण्यास केवळ धरण्याचा हुकूम दिला, आणि खुनाचें पाप दुसऱ्या कोणाच्या तरी बोरूनें केलें. म्हणजे ही गोष्ट आनंदीबाईस जितकी दोषी ठरवते, तितकीच दादांस मोकळें करते. परंतु गादीवर बसलेल्या पेशव्यास पगारासाठीं चवताळलेल्या सशस्त्र शिपायांकडून धरविणें हा कांहीं सौम्य उपाय नव्हे. आम्हांस तर त्या ‘ध’ मध्येंच निम्मा ‘मा’ दिसतो. आणि पुढचें सारें जर चुलत्याच्या डोळ्यांदेखत घडलें, तर कागदावर कोणतें अक्षर होतें, याचें महत्त्व कितीसें उरतें? तथापि हा विचार लोकांस सुचला नाहीं, याचें नवल वाटत नाहीं. भावाभावांचें फाटलें कीं ‘बायकोनें कान फुंकले’ म्हणावयाचें आणि पुन्हां एका पंक्तीस बसावयाचें, ही आपल्या एकत्र कुटुंबांतली जुनी तोड आहे. पेशव्यांचें घर त्यास अपवाद कसें असावें?

समजुतीस देह दिला तो रंगभूमीनें. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचें ‘भाऊबंदकी’ हें नाटक १९०९ सालचें. त्यांतली महत्त्वाकांक्षी आनंदीबाई पाहून लेडी मॅक्बेथची आठवण व्हावी. पुढें १९४४ मध्यें प्रभात कंपनीचा ‘रामशास्त्री’ हा बोलपट आला. गजानन जागीरदारांचे शास्त्री आणि ललिता पवारांची आनंदीबाई ज्यांनीं पाहिली, त्यांस इतिहासाचें दुसरें पुस्तक उघडण्याची गरजच वाटली नसेल. यांत नाटककाराचा दोष नाहीं. रंगभूमीवर अक्षर आपोआप फिरत नाहीं. तें फिरविण्यासाठीं कोणाच्या तरी हातांत लेखणी द्यावी लागते, आणि ती नायिकेच्या हातांत दिली तर प्रवेश रंगतो. प्रेक्षकानें नाटक म्हणून पाहिलेलें प्रश्नकर्त्यानें उत्तर म्हणून छापावें, एवढीच आमची तक्रार आहे.

आतां अटकेकडे वळूं. १७५८ च्या एप्रिलांत लाहोर मराठ्यांच्या हातीं आलें, आणि त्या मोहिमेचे सेनापति राघोबादादा होते, यांत संशय नाहीं. परंतु सिंधुकांठच्या अटकेपर्यंत जी फौज गेली, ती तुकोजी होळकर आणि साबाजी शिंदे यांची; दादा लाहोराहूनच माघारी फिरले. त्यांचें ४ मे १७५८ चें पेशव्यांस लिहिलेलें पत्र प्रसिद्ध आहे. त्यांत अंमल बसल्याची जी गोष्ट आहे, ती लाहोर, मुलतान, काश्मीर अशा अटकेच्या अलीकडल्या सुभ्यांची. पलीकडल्या काबूल-कंदाहाराविषयीं मनसुबे आहेत, पण ते मनसुबेच. पत्रांतल्या ‘अलीकडे’ चें भाषेनें ‘पार’ करून टाकलें! ही अक्षरांची फिरवाफिरव कोणाच्या माथीं मारावयाची?

यावर कोणी म्हणेल, कीं सेनापतीच्या हुकुमानें फौजेनें जें केलें तें सेनापतीचेंच. होळकर-शिंद्यांनीं मारलेली मजल दादांच्या खातीं मांडण्यांत गैर कांहीं नाहीं. हा न्याय आम्हांस मान्य आहे. मात्र तोच न्याय शनिवारवाड्यांतहि लावला पाहिजे. गारद्यांस हुकूम दादांचा होता, तर गारद्यांची करणीहि दादांच्याच खातीं पडते. अटकेवर हजर नसतां यश त्यांचें, आणि वाड्यांत हजर असतां अपयश बायकोचें, असा दुहेरी हिशेब कोणताहि कारकून मंजूर करणार नाहीं. प्रश्नपुस्तकांनीं तो शेंकडों वेळां मंजूर केला आहे.

इतिहासावरून आलेले सगळेच वाक्प्रचार असे घातक असतात, असें नव्हे. ‘विश्वास पानिपतांत गेला’ असें आपण हंसून म्हणतों. १४ जानेवारी १७६१ रोजीं तेथें पडलेल्या विश्वासरावांच्या नांवावरची ती कोटी आहे. ती कोणावर आळ घेत नाहीं.

पुस्तकें बंद करा, असें आमचें म्हणणें नाहीं. मुलांस प्रश्न आवडतात, आणि प्रश्नांतूनच पुष्कळांस इतिहासाची पहिली गोडी लागते. ‘प्रचलित समजुतीप्रमाणें’ हे दोन शब्द त्या उत्तराआधीं छापण्यास फारशी शाई लागणार नाहीं. आणि त्या दिवसाविषयीं एखादें नांव विचारावयाचेंच असेल, तर नारायणरावांस वांचविण्यासाठीं त्यांच्या अंगावर आडवा पडून मारला गेलेला सेवक कोण, असें विचारावें. त्याचें नांव चाफाजी टिळेकर. त्याच्याविषयींचा प्रश्न अद्याप आमच्या पाहण्यांत आलेला नाहीं.